एक हात खिशात

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर काम करायचे तर एक हात खिशात ठेवायचा. डावा की उजवा ते ज्याचे त्याने ठरवावे, पण दोन्ही हात एकदम उघड्या चासिसमध्ये घालायचे नाहीत. भिंतीवरच्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. या यंत्राच्या पोटात चारशे ते पाचशे व्होल्ट खेळत असतात, आणि तेही डीसी. एका हाताने पत्रा धरलेला आणि दुसऱ्या हाताचे बोट चुकून त्या चारशे व्होल्टला लागले, तर वीज या हातातून शिरून त्या हाताने बाहेर पडते. मधल्या वाटेवर काळीज आहे. प्लग काढला म्हणजे सुटलो, असेही नाही. आत फिल्टरचे मोठे कंडेन्सर असतात. ते यंत्र बंद झाल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात, कधी कधी तासन्‌तास. म्हणून दहा किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड वायरींना डाग देऊन तयार ठेवायचा, त्याने कंडेन्सर रिकामा करायचा, मग मीटर लावून खात्री करायची. थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे, कारण रिकामा केलेला कंडेन्सर आपसूक थोडा परत भरतो. पुष्कळ कारागीर स्क्रू-ड्रायव्हर आडवा घालून फाटकन ठिणगी पाडतात. त्यात मर्दुमकी काही नाही, कंडेन्सरचे मात्र नुकसान होते.

हे मी शिकलो घाटकोपर पश्चिमेला, असल्फाच्या बाजूला एका मंडप-लाऊडस्पीकरवाल्याच्या गाळ्यात. १९७०ची दशकअखेर होती. दुरुस्तीचे काम बघणारे कारागीर मूळ मालेगावचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. चाचांची भाषा उर्दू, अक्षरओळखही उर्दूचीच. मी कोकणी मुसलमानाच्या घरातला, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलेला. ते बोलत आणि मी वहीत मराठीत लिहून घेई. कोणत्या पिनेवर किती व्होल्ट यायला हवेत, आवाज कसा आला तर संशय कुणावर घ्यायचा, कुणावर घ्यायचा नाही. चाचांना माझे लिखाण वाचता येत नसे. तरी पान भरले की ते विचारत, “लिखा? तारीख डाली?” तारीख का, तर आज नोंदलेले व्होल्ट सहा महिन्यांनी पुन्हा मोजले की यंत्र कुठे कुठे थकते आहे ते कळते. डॉक्टरच्या केसपेपरसारखे.

त्या गाळ्यात भाड्याने जाणारे पाच-सहा ॲम्प्लिफायर होते. त्यातला एक पन्नास वॅटचा, देशी बनावटीचा, आउटपुटला दोन ईएल ३४ व्हॉल्व्ह आणि पुढे ईसीसी ८३. रमजानमध्ये तो तरावीहनंतरच्या बयानाला जाई, रबीउल अव्वलमध्ये मिलादला, लग्नसराईत निकाहच्या मंडपात आणि गणपतीत गल्लीतल्या मंडळाकडे. उर्सच्या रात्री कव्वालीला. भाद्रपद आणि रबीउल अव्वल एका वेळी आले की मालकाची तारांबळ उडे, कारण दोन्हीकडचे लोक ओळखीचे आणि ॲम्प्लिफायर मोजके.

कव्वालीमुळेच मला या यंत्राचा दुसरा स्वभाव कळला. मुंबईच्या कव्वालीत बेंजो हवाच. १९५८च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीने देशभर नाव झालेले इस्माईल आझाद, किंवा पुढच्या पिढीतले अझीझ नाझाँ, यांच्या काळात पक्षांच्या बैठकीत हार्मोनियमच्या शेजारी टाइपरायटरसारखी बटणे असलेले ते लाकडी वाद्य असे. त्याला आपण बेंजो किंवा बुलबुल तरंग म्हणतो. खरे म्हणजे ते जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तैशोगोतो नावाचे वाद्य बनवले, तेच पुढे आपल्याकडे आले आणि मोहल्ल्यात असे मिसळले की परके वाटेनासे झाले. मोठ्या गर्दीपुढे त्याचा नाजूक आवाज पुरेना, म्हणून तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवू लागले. तार हलली की गुंडाळीत काही मिलिव्होल्ट उठतात. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप नेमका हाच. म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर म्हणून जे यंत्र विलायतेत पूजले जाते, त्याचा भाऊ असल्फ्यात बेंजोची सेवा करत होता. लंडनच्या हॅनवेल भागातल्या दुकानात जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये अमेरिकन फेंडर बासमनचा नकाशा समोर ठेवून आपला पहिला ॲम्प्लिफायर बनवला. पुढे त्यांच्या पन्नास वॅटच्या ॲम्प्लिफायरमध्येही आउटपुटला दोन ईएल ३४च बसले. आमच्या पेटीत आणि त्यांच्यात भाऊबंदकी आहे, ती अशी.

चाचांना एक प्रश्न वारंवार विचारला जाई आणि तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. लाऊडस्पीकर नवा होता तेव्हा आपल्या उलेमांमध्ये मोठी चर्चा झाली. भोंग्यातून येणारा आवाज इमामचा स्वतःचा, की त्याचा पडसाद? पडसाद असेल तर त्या आवाजामागे रुकू-सजदा करणाऱ्याची नमाज होते का? मुफ्ती मुहम्मद शफी यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आजही काही मशिदींत नमाजसाठी माइक वापरत नाहीत, मुकब्बिर तकबीर पुढे पोचवतो. शिकलेले लोक या चर्चेला हसतात. मी हसत नाही, कारण तांत्रिक दृष्टीने प्रश्न अगदी चोख आहे. व्हॉल्व्हमध्ये काय होते? आत एक कॅथोड, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. समोर ॲनोड, त्यावर चारशे व्होल्ट, तो त्यांना ओढतो. मध्ये जाळी. माइकचा किंवा तारेचा दुबळा संदेश फक्त या जाळीवर येतो आणि प्रवाह कमी-जास्त करतो, नळाची चावी फिरवावी तसा. पाणी मात्र दुसऱ्याच टाकीचे. भोंग्यातून बाहेर पडते ती सगळी ताकद उपनगरात तेव्हा वीज पुरवणाऱ्या बीएसईएसची, इमामच्या गळ्यातला एक कणही त्यात नाही. चाचांना मशिदीतल्या एका बुजुर्गांनी विचारले तेव्हा त्यांनी सोल्डरिंगची इस्त्री खाली ठेवून उत्तर दिले, “हजरत, आवाज इमाम साहब की है, ताकत बिजली कंपनी की. फैसला आप कीजिए.”

बयानाला आवाज कसा हवा? बोलणारा बोलला तसाच. ‘काफ’ आणि ‘क़ाफ’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. त्यासाठी यंत्र अर्ध्या ताकदीवर चालवायचे. कव्वालीला मात्र बेंजोवाला येऊन हळूच म्हणे, “थोडा खोल दो.” म्हणजे आवाजाची चावी पुढे कर. व्हॉल्व्ह त्याच्या ऐपतीपलीकडे गेला की लहरीची टोके दबू लागतात. ट्रान्झिस्टर टोक एकदम छाटतो, व्हॉल्व्ह आधी वळवतो, मग दाबतो. त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्मतात, आवाज जाड होतो, रेंगाळतो, किंचित रडवेला होतो. बयानात हा दोष, बेंजोत ही मजा. आणि गिटारवाल्यांनी तर या दोषावर पन्नास-साठ वर्षांचे संगीत उभे केले. एकाच यंत्राकडून मौलाना खरेपणा मागत होते आणि कव्वाल रंग. दुरुस्ती करणाऱ्याला आधी हे माहीत हवे की समोरचा काय मागायला आला आहे.

१९८०नंतर ट्रान्झिस्टरचे हलके ॲम्प्लिफायर स्वस्त झाले आणि व्हॉल्व्हच्या पेट्या भंगारात निघाल्या. पुढे आवाजाचे नियमही आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घातली, म्हणजे रात्रभराची कव्वाली संपलीच. २०२५ मध्ये पोलिसांच्या कारवाईत मुंबईतल्या मशिदींवरचे भोंगे उतरले आणि काही मशिदींनी मोबाइलच्या ॲपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. चाचा त्याच्या कितीतरी आधी गेले होते. गाळा विकला तेव्हा मालकाने ती पन्नास वॅटची पेटी मला दिली. मी ती चादरीत बांधून माळ्यावर टाकली.

ती खाली काढायला लावली माझ्या नातवाने. मुलगी मुलुंडला राहते. तिचा मुलगा ज्युनिअर कॉलेजात आहे, गिटार वाजवतो. त्याच्याकडे संगणकाला जोडायचे एक चपटे यंत्र होते, त्यात ‘व्हॉल्व्हसारखा’ आवाज काढणारे सॉफ्टवेअर. मी म्हटले, खरा व्हॉल्व्ह माळ्यावर आहे. मुलीने लगेच विचारले, “अब्बा, त्याच्यात किती व्होल्ट असतात?” मी खरे ते सांगितले. तिने अट घातली: मी शेजारी बसलेला असल्याशिवाय मुलगा पेटी उघडणार नाही, आणि मी एकटा असताना मीही उघडणार नाही. माझे वय लक्षात घेता दुसरी अट जास्त शहाणपणाची आहे.

वर्षानुवर्षे पडून राहिलेली पेटी थेट प्लगला लावायची नसते. आधी नाक लावायचे. जळका वास, सुकलेल्या मेणाचा वास, उंदराचा वास, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मग डोळे. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चांदीसारखा डाग असतो. तो पांढरा दुधी झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. फ्यूज बघायचा. आमच्या पेटीत मंडपवाल्यांच्या कुणा पोराने फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली होती. ज्या रात्री ती गुंडाळली त्या रात्रीचा कार्यक्रम निभावला असेल, पण पुढच्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळू शकला असता. फ्यूज वारंवार उडतो म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे. त्याचे तोंड बंद करून उपयोग नाही.

त्यानंतर सिरीज बल्ब. आपल्या वायरमन लोकांचे हे जुने हत्यार. प्लग आणि यंत्र यांच्या मध्ये शंभर वॅटचा बल्ब एकेरी जोडायचा. आउटपुटचे व्हॉल्व्ह काढून ठेवून चालू केले की बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने पेटी वाचवली. यात एलईडी चालत नाही, तारेचाच बल्ब हवा. तो मिळवायला मुलुंडमध्ये तीन दुकाने हिंडलो. तिसऱ्या दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी रॉकेलचा कंदील मागत होतो. बल्बच्या आधाराने दोन-तीन तास मंद व्होल्टवर ठेवले तर जुने कंडेन्सर कधी कधी सावरतात. आमचे सावरले नाहीत, फुगले होते. पन्नास मायक्रोफॅरड, पाचशे व्होल्टचे नवे लॅमिंग्टन रोडवरून आणले.

मग गुणगुण. व्हॉल्व्हची पेटी थोडी गुणगुणतेच, पण गुणगुणीचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले. आपली वीज पन्नास सायकलची. दिव्याच्या वायरीतून किंवा अर्थच्या गोंधळातून शिरणारी गुणगुण पन्नास सायकलची असते, खोल आणि मऊ. फिल्टर कंडेन्सर सुकला तर रेक्टिफायरमधून शंभर सायकलची येते, एक सप्तक वर, जराशी किरकिरी. चाचा हार्मोनियमवाल्याला शेजारी बसवून दाखवत: दोन्ही पांढरी पाचच्या आसपास, एक खर्जातला, एक त्याच्या वरचा. (अमेरिकेत वीज साठ सायकलची, त्यामुळे तिथल्या पेट्या वेगळ्या सुरात गुणगुणतात. तिकडचा ॲम्प्लिफायर कुणी नातेवाइकाने आणला तर नुसता ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, पन्नास सायकलवर त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, तेही बघावे लागते.) नातवाने गिटारच्या ट्यूनरचे ॲप लावले. सुई जी या अक्षराच्या थोडी वर थांबली. “नाना, पांढरी पाच म्हणजे जी का?” मी म्हटले, तुझ्या मास्तरांना जी, आमच्या बाजावाल्याला पांढरी पाच.

गुणगुण कोणत्या खोलीतून येते ते शोधायचे तर आवाजाची चावी शून्यावर आणायची. गेली, तर दोष चावीच्या आधी. राहिली, तर नंतर. मग पेटी बंद करून पुढचा व्हॉल्व्ह काढायचा, पुन्हा ऐकायचे, मग त्यापुढचा. पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारली आणि भोंग्यातून घंटेसारखा नाद आला तर तो व्हॉल्व्ह आतून सैल आहे. गिटारला तो चालत नाही, कारण स्पीकरच्या धक्क्यानेच तो किंचाळतो. आमचा पहिला ईसीसी ८३ तसा निघाला. त्यावर बीईएलचा शिक्का होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले, एके काळी देशातल्या रेडिओंचा तोच आधार होता. तो कारखाना व्हॉल्व्ह बनवायचा केव्हाच थांबला. मी तो फेकला नाही, पुसून मागच्या जागी बसवला, तिथे टिचकीचा त्रास होत नाही.

आता व्हॉल्व्ह येतात ते रशियातल्या सारातोवहून, स्लोव्हाकियातून आणि चीनमधून. २०२२च्या मार्चमध्ये युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंधने घातली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांचे धाबे दणाणले होते. पुढे माल पुन्हा सुटला, पण भाव चढले ते चढलेच. म्हणून व्हॉल्व्ह बदलण्याची घाई परवडत नाही, आणि ती घाई करू नये हेच या कामातले मोठे शिक्षण आहे.

आमच्या पेटीत नवे कंडेन्सर बसल्यावर दहा मिनिटांनी एका ईएल ३४चा ॲनोड लाल होऊ लागला. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरायचे नाही, चांगल्या व्हॉल्व्हलाही ती असते. पण पत्रा लाल म्हणजे व्हॉल्व्ह क्षमतेच्या बाहेर जळतो आहे, ताबडतोब बंद करायचे. नातू म्हणाला, व्हॉल्व्ह खराब. शंभरातले नव्वद जण हेच म्हणतील. चाचांचा रिवाज वेगळा होता: दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा. लाली त्याच जागी राहिली तर व्हॉल्व्ह बेकसूर आहे, दोष जागेचा. आमची लाली जागेवरच राहिली. (आमच्या वस्त्यांतल्या पोरांकडे बोट दाखवणाऱ्यांनी ही चाचणी एकदा करून बघावी, असे मला तेव्हाही वाटले, आताही वाटते.)

जागेचा दोष म्हणजे काय, तर बायस. ईएल ३४च्या पाच नंबरच्या पिनेवर उणे व्होल्ट असतात, तेच व्हॉल्व्हला आवरून धरतात. आमच्या पेटीत ते उणे अडतीस हवेत, वहीत १९७९ची नोंद आहे. एका सॉकेटवर अडतीस आले, दुसऱ्यावर सव्वीस. आधीच्या टप्प्याकडून येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा जुना कागदी कंडेन्सर झिरपत होता, त्यामुळे तिकडचे धन व्होल्ट जाळीवर येऊन लगाम सैल करत होते. काही रुपयांचा नवा पॉलिएस्टर कंडेन्सर लावला आणि हजारोंचे व्हॉल्व्ह वाचले. मग बायस बसवला. हिशेब सोपा आहे. ईएल ३४ पंचवीस वॅट सोसतो, त्याला सत्तर टक्क्यांवर ठेवायचे म्हणजे साडेसतरा वॅट. ॲनोडवर साडेचारशे व्होल्ट, तर भागाकार करून सुमारे एकोणचाळीस मिलिॲम्पिअर. कॅथोडच्या वाटेत एक ओहमचा रेझिस्टर टाकला की मीटरवर तितकेच मिलिव्होल्ट दिसतात, बोट चारशे व्होल्टच्या जवळ न्यावेच लागत नाही. पेटी बनली तेव्हा तिच्यावर २२० व्होल्ट लिहिले होते. आता प्लगला २३० येतात, रात्री उशिरा त्याहून जास्त. व्हॉल्व्हच्या दिव्याला ६.३ऐवजी ६.६ मिळतात. तेवढे तो सोसतो. पण बायस दुपारी बसवला असेल तर रात्री एकदा पाहून घ्यावा.

स्पीकरबद्दल एकच सांगतो. व्हॉल्व्हची पेटी स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये. ट्रान्झिस्टरवाल्याला हे विचित्र वाटते, पण इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि भार नसला की त्यात उसळणारे व्होल्ट त्याचेच इन्सुलेशन फोडतात. आमच्या पेटीला भोंग्यांसाठी शंभर व्होल्टची लाइन आहे आणि आठ ओहमचे टोकही आहे. त्या आठला बारा इंची स्पीकर जोडला. माइकचे इनपुट जुन्या क्रिस्टल माइकसाठी होते, तेच गिटारलाही जुळते.

एक गंमत मालाडची. मालवणीकडे आकाशवाणीचे मध्यम लहरींचे ट्रान्समीटर होते. त्या भागातून पेट्या दुरुस्तीला येत, तक्रार अशी की वाजवणारा थांबला की भोंग्यातून बातम्या लागतात. एका मिलादमध्ये सलाम संपल्यावर बाजारभाव ऐकू आले होते. कारण साधे, पहिल्या व्हॉल्व्हची जाळी लांब वायरीला अँटेना करून बसते. जाळीच्या पिनेला अगदी चिकटून अडुसष्ट किलोओहमचा रेझिस्टर लावला की बातम्या बंद. तो लांब लावून उपयोग नाही. नातवाच्या पेटीतही मी तो लावला आहे. आता शत्रू मोबाइल आणि वाय-फाय आहेत, पण बंदोबस्त तोच.

मुंबईच्या पावसाळ्यात या यंत्राची खरी परीक्षा. ईएल ३४च्या सॉकेटमध्ये तीन नंबरच्या पिनेवर साडेचारशे व्होल्ट आणि शेजारच्या दोनवर दिव्याची वायर. मध्ये बेकलाइटवर धूळ बसते, धूळ ओल धरते, एके दिवशी ठिणगी पडते आणि कोळशाची रेघ उमटते. ती रेघ पुसून जात नाही, सॉकेट बदलावा लागतो. पूर्वी आम्ही सफाईला कार्बन टेट्राक्लोराइड वापरत असू. ते विषारी, शिवाय ओझोनला घातक म्हणून बंद झाले. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्या बाटलीवरून मुलुंडच्या घरात एक छोटे महाभारत झाले. लेबलवरचा शब्द मुलाच्या दादांनी वाचला. ते पाबंद माणूस. गिटार त्यांना पसंत नाहीच, त्यात घरात अल्कोहोल! मी समजावले की हे पिण्याचे नव्हे, विष आहे, डेटॉलसारखे समजा. ते म्हणाले, “बाटलीवर मराठीत लिहून ठेवा, सफाईचे औषध.” ठेवले.

गिटारबद्दल त्यांचे-माझे मत जुळलेले नाही. साज हराम की मुबाह यावर आपल्या बुजुर्गांत शेकडो वर्षे मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही. मी फक्त एवढे सांगितले की ज्या पेटीतून बेंजो वाजला तिच्यातूनच मी शेकडो बयाने ऐकवली आहेत आणि तिने कधी फरक केला नाही. त्यावर त्यांचे उत्तरही चोख होते: “पेटीला हिशेब द्यायचा नाही, आपल्याला आहे.” दोन गोष्टी त्यांनी ठरवून दिल्या. अजानच्या वेळी पेटी बंद, आणि इशानंतर वाजवायचे नाही. दुसरी अट शेजाऱ्यांच्याही बाजूची आहे, म्हणून मी तिला मनापासून पाठिंबा दिला. पन्नास वॅट म्हणजे थोडे नव्हेत.

पहिल्या अटीवर मला पेटीच्या बाजूने एकच सवलत मागावी लागली. वारंवार चालू-बंद केल्याने व्हॉल्व्हचे आयुष्य कमी होते. म्हणून अजान होईल तेवढा वेळ फक्त आवाजाची चावी शून्यावर आणायची, दिवे जळत राहू द्यायचे. दादांनी पेटीजवळ कान नेऊन खात्री केली. गुणगुण ऐकू आली नाही. मान्य केले.

अर्थिंगचा विषय मात्र मी कुणाच्या मान्यतेवर सोडला नाही. मुलुंडच्या त्या जुन्या इमारतीत तीन पिनांचे प्लग दिसायला होते, पण तिसऱ्या पिनेमागे वायर कुठेच जात नव्हती. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवाला लेस हार्वी भर कार्यक्रमात अर्थ नसलेल्या माइकला हात लागून मेला. एका हातात गिटार, दुसऱ्यात माइक. नातवाला ते नाव ठाऊक नव्हते, आता आहे. इलेक्ट्रिशियन बोलावून आधी घराचे अर्थिंग करून घेतले, त्याचे पैसे मी दिले. कुठेही वाजवायला गेला तर गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मीटर लावून एसी व्होल्ट पाहायचे, मगच तोंड माइकजवळ न्यायचे, हे त्याच्याकडून पाठ करून घेतले आहे.

राहिली वही. नातू इंग्रजी माध्यमाचा. मराठी बोलतो ते घरातले कोकणी मिसळून, वाचतो ते अडखळत. वहीची पाने त्याने मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि यंत्राकडून भाषांतर करून पाहिले. ‘लाल झाला तर जागा बदल’ याचे भाषांतर असे आले की रागावलास तर घर बदल. आम्ही दोघे खूप हसलो. मग तो स्वतःच वाचायला बसला. ‘झिरपणे’ म्हणजे काय, ‘डाग देणे’ म्हणजे काय, एकेक शब्द विचारत. चाचांचे उर्दू शब्द मी मराठीत लिहिले होते तसेच आहेत, त्यांना त्याची अडचण येत नाही, ते शब्द घरातले आहेत. अडतात ते ‘अदलाबदल’ आणि ‘उणे’.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पेटी पुन्हा उघडली. महिनाभर पाऊस लागून होता. दोन्ही सॉकेट कोरडे होते. एका व्हॉल्व्हचे मिलिव्होल्ट एकोणचाळीसवरून बेचाळीस झाले होते, दुसऱ्याचे तिथेच. त्याने चावी किंचित फिरवून दोन्ही खाली घेतले, पाच मिनिटे थांबला, पुन्हा मोजले. मग वही ओढून घेतली आणि चाचांच्या शेवटच्या पानापुढच्या कोऱ्या पानावर लिहिले: पिन ५, ऊणे ३८.५. ‘उणे’चा उ दीर्घ काढला होता. मी तो तसाच राहू दिला आणि विचारले, तारीख घातलीस का?